इनासकाकांची पाटी

इनासकाकांचा अंत्यविधी झाल्यावर चर्चच्या फाटकाबाहेर एका गृहस्थांनी भाषण केलं. ते नायगावच्या कुठल्याशा प्राणीप्रेमी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि चार माणसं एका जागी उभी दिसली की त्यांना बोलल्यावाचून राहवत नसे. इनासकाकांना ते 'मुक्या जिवांचे धन्वंतरी' म्हणाले, 'ज्येष्ठ पशुवैद्य' म्हणाले, आणि शेवटी नुसतंच 'डॉक्टरसाहेब' म्हणाले. मी शेजारी उभ्या, आमच्या आळीतल्या मेल्बाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. इनासकाका ऐकत असते तर तिथल्या तिथे हात वर करून म्हणाले असते, "डॉक्टर नाय. पट्टीवाला."

हे ते दिवसातून चारदा तरी सांगत. पोस्टमनला सांगत, कोलंबी घेऊन येणाऱ्या बाईला सांगत. एकदा एका आमदाराच्या माणसाला सांगितलं, तेव्हा तो गोंधळून माफी मागू लागला. माझ्या माहितीत एकदाच असं झालं की कोणी त्यांना डॉक्टर म्हटलं आणि ते गप्प राहिले. मला त्या एका वेळेबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी माणूस नीट समोर यायला हवा.

सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा होता 'व्रणोपचारक'. हा शब्द ज्याने घडवला त्याने बैलाची लाथ कधी खाल्ली नसावी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं इनासकाकांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना म्हशींची डोकी धरली. जन्म पाचूबंदरचा, मासेमारांच्या घरातला. लग्नानंतर पापडीला सासऱ्यांच्या वाडीत लहानसं घर बांधलं आणि तिथलेच झाले. आम्ही या आळीत राहायला आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि बायको गेल्यामुळे एकटे होते. उंच, कमरेत जरासे वाकलेले. म्हशींच्या सहवासाने आलेली एक सावकाशी त्यांच्या चालण्यात होती. पांढऱ्या शर्टाच्या खिशात एक जाड शाईचं पेन आणि खडूचा तुकडा कायम असे.

लोक त्यांच्याकडे कुत्री घेऊन येत ते एका गैरसमजातून. त्यांना वाटे, सरकारी दवाखान्यातला जुना माणूस आहे, एखादी गोळी देईल आणि काम होईल. इनासकाका गोळी देत नसत. तेहतीस वर्षं औषधांच्या कपाटाशेजारी काढलेल्या माणसाच्या घरात डोकेदुखीची गोळीही नव्हती. ते फक्त प्रश्न विचारत. वजन किती? आणखी काय औषध चालू आहे? ते कोणी दिलं? खातो-पितो का? शी कसल्या रंगाची?

नायगावच्या नव्या टॉवरांमधून गाडी करून येणाऱ्यांना हा शेवटचा प्रश्न फार लागे. एवढ्या उच्च जातीच्या कुत्र्याबद्दल असं विचारतात का, असा त्यांचा चेहरा होई. पण पहिल्या प्रश्नावरच बहुतेकांची दांडी उडे. एक बाई म्हणाल्या, "असेल पंधरा-वीस किलो."

"पंधरा का वीस?"

"साधारण हो, काका."

"साधारण वजनाचं औषध नसतं, बाई. त्या मधल्या पाच किलोत कुत्रा मरतो."

मग त्यांनी त्या बाईंना, नवऱ्याला आणि कुत्र्याला सांडोरला नेलं. तिथे त्यांच्या मेहुण्याच्या शेडमध्ये केळीचे घड तोलायचा मोठा काटा होता. नवऱ्याने कुत्रा उचलून काट्यावर उभं राहायचं, मग कुत्रा खाली ठेवून एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. वजाबाकी करण्यासाठी आकडे मोठ्याने सांगणं भाग होतं. त्यामुळे नवऱ्याचं वजन बायकोला आणि घड उतरवणाऱ्या तीन बायांना कळलं. कुत्रा सव्वीस किलोचा निघाला. नवरा पुन्हा आला नाही. कुत्रा येत राहिला.

प्रश्न संपले की ते त्या माणसांबरोबर डॉक्टरकडे जात. नायगावला काचेच्या दाराचं एक क्लिनिक होतं. आत गारवा, भिंतीवर हसणाऱ्या कुत्र्यांची चित्रं, आणि काउंटरवरची मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला 'पेट पॅरेंट' म्हणे. इनासकाकांना ती म्हणाली, "सर, तुम्ही पेट पॅरेंट का?" ते म्हणाले, "नाय. मला एक मुलगी आहे, ती अंधेरीला असते."

तिथली तरुण डॉक्टर आधी या म्हाताऱ्यावर वैतागली असणार. तिने चिठ्ठी लिहिली की हे ती हातात घेऊन विचारत, "याची आनि त्याची ओळख आहे का?" म्हणजे हे औषध आणि आधीचं औषध एकाच पोटात नांदतील का. एका लॅब्राडोरच्या वेळी या प्रश्नानेच सगळं बाहेर आलं. त्याच्या खाजेवर मालकाने विरारच्या एका दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, त्या स्टेरॉइडच्या होत्या, आणि आता ही डॉक्टर सांधेदुखीची गोळी लिहीत होती. मालकाने पहिल्या गोळ्यांचं नावही काढलं नव्हतं. दोन डॉक्टर केले हे सांगायला त्याला संकोच वाटला होता. डॉक्टरने पेन थांबवलं. म्हणाली, "बरं झालं विचारलंत. या दोन्ही एकदम पोटात गेल्या असत्या तर आतून रक्त गेलं असतं." त्यानंतर तिने तिच्या खोलीत इनासकाकांसाठी एक खुर्ची ठेवली. खुर्ची गादीची होती. ते तिच्यावर अवघडून, कडेला बसत.

गोळी का देत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते केळीची सुकलेली पानं कापत होते. कापता कापता म्हणाले, नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा पाचूबंदरच्या एका मासेमाराचा कुत्रा तापला होता. तो कुत्रा त्याच्याबरोबर होडीवर जायचा. डॉक्टर रजेवर. "माझ्या खिशात माझीच दुखन्याची गोळी होती. मानसाला चालते, कुत्र्याला का नाय चालनार? दिली. एक सकाळी, एक संध्याकाळी."

मी विचारलं, "मग?"

"मग तो होडीवरच मेला. आनि आठवड्यानं तो मानूस आला, चार पापलेटं घेऊन. म्हनाला, इनास, तू माझ्या कुत्र्यासाठी एवढं केलंस." ते पानं कापत राहिले. "मी त्याला सांगितलं नाय."

मासेमाराच्या घरात जन्मलेला हा माणूस पापलेट खात नसे. ते कोणी विचारलं तर सांगे, काटा लागतो.

आता सुकटीबद्दल. सुकट हा आमच्या आळीचा कुत्रा. आला तेव्हा इतका वाळलेला होता की समोरच्या कमळाकाकू म्हणाल्या, "ही तर सुकट." पुढच्या अकरा वर्षांत तो पिंपासारखा झाला, तरी नाव तेच राहिलं. तो कोणा एकाचा नव्हता. सकाळी तीन घरी न्याहारी करी: कमळाकाकूंकडे तांदळाची भाकरी, मेल्बाकडे चहात बुडवलेला पाव, आमच्याकडे बायकोच्या हातचा दूधभात. आधी कुठे जायचं हे तो त्या दिवशीच्या मर्जीवर ठरवी, आणि ज्या घरी तो आधी येई त्या घराला दिवसभर जरा अभिमान असे.

गेल्या वर्षी तो मागच्या पायाने लंगडू लागला. इनासकाकांनी त्याला सांडोरच्या काट्यावर नेलं, मग नायगावला. डॉक्टरने तपासून सांधेदुखीच्या चौदा गोळ्या दिल्या. म्हणाली, रोज एक, खाण्याबरोबर, एकच. उलटी झाली, खाणं सोडलं किंवा शी काळी झाली तर गोळी बंद आणि मला फोन. दोन आठवड्यांनी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत बघू, मगच पुढची पट्टी. इनासकाका हे प्रार्थनेसारखं ऐकत होते.

अडचण एवढीच होती की गोळी पहिल्या घासाबरोबर द्यायची आणि पहिला घास कुठे घेतला जाईल हे सुकटीखेरीज कोणाला ठाऊक नसे. तेव्हा इनासकाकांनी मुलीची शाळेतली जुनी पाटी आणली आणि आळीच्या तोंडाशी क्रूस आहे त्याच्या शेजारच्या भिंतीवर खिळा मारून टांगली. खाली श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात गोळ्या. जिच्याकडे तो आधी येईल तिने डब्यातून एक गोळी घ्यायची, द्यायची, आणि पाटीवर त्या दिवसापुढे खूण करायची. खूण दिसली की बाकीच्यांनी नुसतं खायला घालायचं.

"वर तुम्ही लिहा, भाऊ," ते मला म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं: सुकट. २४ किलो. रोज एकच.

दहा दिवस हे चोख चाललं. रोज सकाळी इनासकाका पाटीपाशी येत, खूण बघत, डब्यातल्या गोळ्या मोजत आणि जात. सुकट पुन्हा पायऱ्या चढू लागला. दहाव्या दिवशी तो मेल्बाच्या स्कूटरमागे धावला. दोन वर्षांत तो तिच्यामागे धावला नव्हता. मेल्बाने स्कूटर हळू केली, त्याला गाठता यावं म्हणून.

त्याच दिवशी, शनिवारी, बातमी आली की नायगावच्या त्या मंडळाने इनासकाकांचा सत्कार ठरवला आहे, उद्या, त्यांच्या क्लबहाऊसमध्ये. मेल्बा म्हणाली, "अंकलना आपण पण काहीतरी करायला पाहिजे ना. पाटीवर लिहा ना काका, मस्तपैकी." कमळाकाकूंनी रंगीत खडू आणून दिले. मी ओल्या फडक्याने पाटी पुसली. खुणा पुसल्या, वरची ओळही पुसली. मग लिहिलं: 'आमच्या आळीचे भूषण, व्रणोपचारक श्री. इनास यांचे हार्दिक अभिनंदन.' व्रणोपचारक हा शब्द त्यांना हसू यावं म्हणून. चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी काढली. काढताना माझी चांगलीच तंद्री लागली होती. पाटीवर बोटभर जागाही उरली नाही.

सत्काराला मी आणि मेल्बा गेलो होतो. फलकावर अध्यक्षांचा फोटो इनासकाकांच्या फोटोच्या दुप्पट होता. अध्यक्ष चाळीस मिनिटं स्वतःच्या कुत्र्याबद्दल बोलले. मग शाल, श्रीफळ आणि एक पारदर्शक स्मृतिचिन्ह, ज्याच्या आत कुत्रा होता असं सांगण्यात आलं. मला ते अस्वल वाटलं. "आपल्या सर्वांचे लाडके डॉक्टर इनास!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. मी इनासकाकांकडे बघत होतो. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून वर उठला. मग तो हात शालीकडे गेला आणि त्याने शाल नीट केली.

मला त्यात काही गैर वाटलं नाही. मला बरंच वाटलं. तेहतीस वर्षं म्हशींची डोकी धरलेल्या माणसाने एक दिवस डॉक्टर व्हायला काय हरकत आहे.

सोमवारी सकाळी ते पाटीपाशी उभे दिसले. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "व्रनोपचारक बरं लिहिलंत, भाऊ."

"पुसू का आता?"

"राहू दे दोन दिवस," ते म्हणाले. "वेल छान काढलीय."

मंगळवारीही ते तिथे उभे होते. बुधवारीही. मी खिडकीतून पाहत होतो.

गुरुवारी सुकट कोणाच्याच दारात आला नाही. इनासकाकांच्या वाडीत, केळीखाली सापडला. बाजूला उलटी होती, तिच्यात कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी. शी डांबरासारखी काळी. इनासकाकांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्या होत्या. तोवर आम्ही सगळे जमलो होतो.

"गोळी कोन देत होतं?" त्यांनी विचारलं.

"मी," कमळाकाकू म्हणाल्या. "रविवारपासून आधी माझ्याकडेच यायचा."

मेल्बा म्हणाली, "नाही ओ काकू, माझ्याकडे यायचा आधी. मी दिली रोज."

माझी बायको हळूच म्हणाली, "मीपण."

"खूण नव्हती म्हणून," मेल्बा म्हणाली. "मला वाटलं, कोणी दिली नाही. कोपऱ्यात करणार होते, पण जागाच नव्हती."

इनासकाका बोटांवर मोजत होते. "डब्यात चारच होत्या."

"एकच उरली होती ना. मी रविवारी संध्याकाळीच नवीन पट्टी आणली. जुनी दाखवली, मेडिकलवाल्याने दिली. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मी पण..." ती थांबली. "अंकल, मला वाटलं मी मदत करते."

चार दिवसांत बारा. एवढं गणित त्यांनी केलं आणि मग मान वर करून वाडीच्या कुंपणापलीकडे पाहिलं. तिथून पाटी दिसत होती. रंगीत खडू चार दिवसांच्या धुळीनेही फारसे फिके झाले नव्हते.

नायगावला मेल्बाने डॉक्टरला सगळं सांगितलं, एकही गोळी न लपवता. डॉक्टर रागावली नाही; रागावली असती तर बरं झालं असतं. पोटात व्रण झाले होते, मूत्रपिंडं काम सोडत होती. तीन दिवस सलाईन लावलं. इनासकाका सकाळी जात आणि क्लिनिक बंद होईपर्यंत पिंजऱ्यासमोर बसत. गादीच्या खुर्चीवर नाही, जमिनीवर. चौथ्या दिवशी सुकट गेला.

आम्ही त्याला केळीखाली पुरलं. कमळाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "वय झालं होतं रे, इनास. किती जगला असता?"

"वय होतं," इनासकाका म्हणाले. "पन वयानं शी काळी होत नाय, कमळ."

सगळ्या गेल्यावर मी मागे राहिलो. म्हटलं, "पाटी मी पुसली होती, काका."

"पुसलीत तुम्ही. राहू दे मी म्हटलं." फावडं केळीला टेकवून त्यांनी हात झटकले. "ती पाटी मी कशाला टांगली होती? खूण बघायला. आनि चार दिवस मी रोज तिथं थांबत होतो, भाऊ. रोज. खूण बघत नव्हतो. माझं नाव वाचत होतो."

त्या संध्याकाळी पाटी भिंतीवरून गेली. खिळा राहिला, अजून आहे. कमळाकाकूंनी दोनदा त्यांच्याकडे भाकरीचा डबा पाठवला. दोन्ही वेळा तो न उघडता परत आला, तेव्हा मला पापलेटं आठवली. कुत्री घेऊन येणाऱ्यांना ते दारातूनच सांगू लागले की मला यातलं कळत नाही. तसं सांगायला सुरुवात केल्यावर लोक त्यांना आणखीच मोठा डॉक्टर समजू लागले. मग ते घराला कुलूप लावून दिवसभर कुठेतरी जात. आळीत भेटले तर माझ्याशी पावसाबद्दल, वीज गेल्याबद्दल बोलत. मी समोर असताना त्यांनी त्या पाटीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि मला काढायचा धीर झाला नाही.

पाचेक महिन्यांनी मेल्बाने एक पिल्लू आणलं. कोणी सोडून दिलेलं, कानाला जखम असलेलं. तिने मला नायगावला बरोबर नेलं. मी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "मी एकटी ऐकलं तर अर्धं विसरेन."

क्लिनिकमध्ये बाहेरच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला इनासकाका बसले होते. सोबत कुत्रा नव्हता. काउंटरवरच्या मुलीने हळूच सांगितलं की ते रोज येतात. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डॉक्टरच्या खोलीतून एक तरुण जोडपं आणि त्यांची आई नुकतीच बाहेर आली होती. कुत्र्याचा पट्टा सुनेच्या हातात, गोळ्यांची पट्टी मुलाच्या हातात.

"वजन केलं?" इनासकाकांनी विचारलं.

"हो काका, आत्ताच केलं. अकरा किलो चारशे."

"आनखी काय चालू आहे त्याला?"

"काही नाही."

"गोळी घरात कोन देनार?"

मुलगा हसला. "आम्ही सगळेच. म्हणजे सकाळी ही देते, ती लवकर निघाली तर मी. आईपण असतेच."

"एकाचं नाव सांगा."

"अहो काका, लक्ष ठेवू आम्ही."

"एकाचं," इनासकाका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ते वाट बघत राहिले, आणि हसण्यावारी न्यायला आता जागा नव्हती.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मी देईन. माझं नाव सुमन."

त्यांनी खिशातून जाड पेन काढलं, पट्टी हातात घेतली आणि तिच्या चंदेरी पाठीवर वाकडंतिकडं लिहिलं: सुमन. "दुसऱ्या कोनी दिली तर हिला विचारून," ते म्हणाले आणि पट्टी परत केली.

मग त्यांनी मान वर केली आणि आम्ही दिसलो. मेल्बाला पाहून हसले, पिल्लाचा कान उलटून पाहिला, जखम बरी भरतेय म्हणाले. आम्ही आत जाऊन आलो. जखमेसाठी पाच दिवसांची गोळी होती, रोज दोनदा, खाल्ल्यावर. मेल्बाने पट्टी न सांगता त्यांच्यापुढे धरली.

"कोन देनार?"

"मी," मेल्बा म्हणाली. "मी एकटीच."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. मग थांबले आणि पेन माझ्यापुढे केलं.

"तुम्ही लिहा, भाऊ," ते म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मी नीट शोधला, नव्हता. पट्टी गुडघ्यावर ठेवून मी लिहिलं: मेल्बा. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, मान हलवली, आणि पेन परत घेऊन खिशाला अडकवलं.